पातळ स्पंजचा हिवाळा

नोव्हेंबरात एक दिवस असा येतो की हॉलच्या खिडक्या उघडल्या तरी आत ओल येत नाही. बदलापुरात इतरांना तो कशावरून कळतो माहीत नाही. मला तो टेबल टेनिसच्या बॅटवर कळतो. जूनपासून रबरावर न दिसणारा घाम बसलेला असतो. दर चार पॉइंटांनी फडक्याने पुसलं तरी चेंडू निसटतो, तेलकट ताटावरून वाटाणा घसरावा तसा. मग एका संध्याकाळी चेंडू येतो, रबराला टेकतो आणि निघण्याआधी किंचित थांबतो. ते थांबणं डोळ्यांना दिसत नाही. आधी तळहाताला कळतं, मग मनगटाला, आणि मग उगाचच खांदे सैल होतात. मी मुलींना म्हणते, आज पकडतंय बघा. त्या माना डोलावतात, मॅडम म्हणतात म्हणून.

याच सुमारास पालक रबराची चौकशी करायला येतात. परीक्षा झालेल्या असतात, दिवाळी सरलेली असते, जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर असतात. मी त्यासाठी एक कागद करून ठेवला आहे आणि त्याच्या झेरॉक्स कपाटात असतात. रबराखालच्या स्पंजची जाडी, वरच्या थराची पकड, किती महिन्यांनी बदलायचं, कुठून घ्यायचं, कुठून घ्यायचं नाही, चिकटवायला काय वापरायचं. शेवटचा मुद्दा मी दोनदा अधोरेखित केला आहे. परवा सातवीतल्या एका मुलीची आई आली. तिने कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "ते सगळं वाचते मॅडम, पण सगळ्यात फास्ट कुठलं ते सांगा ना." मुलगी आईच्या मागे उभी राहून बॅटची कड नखाने उचकटत होती. मी नेहमीचं उत्तर दिलं, आधी पातळ स्पंजचं घ्या. हॉलला कुलूप लावून घरी निघाले आणि बारा मिनिटांच्या रस्त्याला मला अर्धा तास लागला.

रस्ताभर माझ्या नाकात रबराचा वास होता. नव्या पाकिटाचा. सेलोफेन फाडलं की आतून येणारा, थोडा रॉकेलसारखा, थोडा नव्या दप्तरासारखा.

सत्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मी अकरावीत होते. आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या कॉलनीत राहायचो, दोन खोल्या आणि मागे पेरूचं झाड. बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. आई शाळेत गणित शिकवायची आणि घरातही तिचं सगळं गणितासारखं असायचं, आधी काय दिलं आहे ते लिहा, मग काय काढायचं ते. माझ्या खेळाबद्दल तिने दसऱ्यालाच मांडणी केली होती. हे अकरावीचं वर्ष, म्हणजे एक हिवाळा मोकळा आहे. जानेवारीत जिल्ह्याच्या संघाची निवड होते. चार मुली घेतात. त्या चारांत आलीस तर बारावीतही रोज एक तास खेळ, मी काही बोलणार नाही. नाही आलीस तर बॅट ठेवून द्यायची. बाबांनी वर्तमानपत्राच्या मागून, रास्त आहे, एवढंच म्हटलं. मीही हो म्हटलं. सोळाव्या वर्षी जानेवारी फार लांब असतो.

कॉलनीच्या हॉलमध्ये शनिवारी पडद्यावर सिनेमा असायचा, एरवी दोन टेबलं मांडलेली असायची. त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. संध्याकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा गेटमधून बाहेर पडायचा, आणि पाच-दहा मिनिटांनी त्यातलेच काही जण कपडे बदलून हॉलमध्ये यायचे. उन्हाची तिरपी पट्टी दुसऱ्या टेबलावरून हळूहळू सरकत भिंतीवर चढायची. थंडी पडली की औद्योगिक वसाहतीकडून एक गोडूस, औषधासारखा वास यायचा आणि धुक्यात मिसळून कॉलनीवर बसून राहायचा. बाहेरगावचे पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो थंडीचाच वास वाटायचा.

आम्हाला शिकवायचे प्रधान काका. बाबांच्याच फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात होते, बदलापूर गावात नदीच्या अंगाला राहायचे आणि स्कूटरवरून यायचे, थंडीत शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून. हॉलमध्ये आले की आधी ते वर्तमानपत्र काढायचे, घडी करायचे, मग बॅट. पगारी प्रशिक्षक वगैरे कुणी नव्हता. काकांना येत होतं म्हणून ते शिकवत होते. गालात लवंग असायची. बोलणं कमी. एखादीचा फटका चांगला बसला तर लवंग या गालातून त्या गालात जायची, तीच शाबासकी.

माझी तोवरची बॅट दुकानातून तयार आणलेली, दाण्याच्या रबराची होती. दाणे झिजून गुळगुळीत झाले होते. काकांनी ती हातात घेतली, रबरावर तोंडाने वाफ सोडली, अंगठा फिरवला आणि म्हणाले की हिचं आयुष्य संपलं, आता तुला प्लेन रबर हवं. दोन्ही बाजूंना सारखंच घे, एक लाल आणि एक काळं, तसा नियम आता आलाय. स्पंज पातळ, दीड मिलिमीटरच्या वर अजिबात नको. चेंडू हळू जाईल, जाऊ दे.

मी विचारलं, हळू कशाला?

"नीले, तुझा हात अजून ठरायचाय," ते म्हणाले. "हात ठरेपर्यंत बॅटने मध्ये बोलू नये."

मी ते वहीत लिहून घेतलं. पण तेव्हा माझ्या कानात दुसराच आवाज होता.

तो आवाज हेमाच्या बॅटचा होता. हेमा उल्हासनगरची, कॅम्प तीनमधली. तिच्या वडिलांचा जीन्स शिवायचा लहानसा कारखाना होता, खाली मशीनं आणि वर घर. तिच्या तिथे टेबल नव्हतं म्हणून ती शेअर रिक्षाने आमच्या हॉलला यायची. तिच्या बोटांच्या पेरांना निळसर रंग असायचा, कारण सुट्टीच्या दिवशी तीही धागे कापायला बसायची. तिच्या मामांनी हाँगकाँगहून तिला रबर पाठवलं होतं, जाड स्पंजचं. चेंडू लागला की त्यातून टॉक असा भरीव आवाज निघायचा, बाटलीचं बूच उडावं तसा. आमच्या सगळ्यांच्या बॅटा टिक-टिक करायच्या, घड्याळासारख्या. हेमाची तेवढी बोलायची. मी कॉलेजात तास चालू असताना, अंथरुणात, पेरूच्या झाडाखाली केस वाळवताना तो आवाज ऐकायचे. मला जिंकायचं होतंच. पण खरं सांगायचं तर त्याआधी मला तसं वाजायचं होतं.

एका रविवारी बाबा आणि मी कॅम्प तीनला गेलो. खेळाच्या सामानाचं ते दुकान कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं होतं. वर ट्रॉफ्या लटकत होत्या, खाली कॅरमच्या पावडरीचे डबे, आणि मधल्या फटीत ईश्वर अंकल, एका हाताने बरण्या पुसत आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक करत. हेमा त्यांच्या ओळखीची, म्हणून मीही घरची, त्यांच्या सिंधीत पुट, म्हणजे लेकरू. त्यांनी गल्ल्यामागच्या खोक्यातून पाकिटं काढली. एक जोडी पातळ स्पंजची, अगदी काकांनी सांगितली तशी. आणि एक जाड.

"पुट, ये देख," ते जाड पाकीट थोपटत म्हणाले. "इसमें बॉल ठहरता ही नहीं. आया और गया."

बाबांनी चष्मा वर करून दोन्ही पाकिटं पाहिली आणि मला विचारलं, काकांनी कुठलं सांगितलंय? रस्त्यावर हातगाडीवाला ओरडत होता, आतल्या गल्लीतून शिलाई मशीनांची घरघर येत होती. मी जाड पाकिटावर बोट ठेवलं. "हे."

आयुष्यात मी फारशी खोटं बोललेले नाही. चांगुलपणापेक्षा त्याला कारण हे की खोटं लक्षात ठेवावं लागतं. त्या दिवशी मात्र ते तोंडातून इतकं सहज निघालं की मला वाटलं काका खरंच तसं म्हणाले होते.

रबर बॅटच्या लाकडी पाट्यावर चिकटवायची आमच्या हॉलची रीत अशी होती: सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणायचं, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, वरून पेल्याने लाटायचं. चार महिन्यांनी रबर कंटाळलं की कोपऱ्यातून उचलायचं, ते केळीच्या सालीसारखं निघून यायचं. ते निघून यायला हवं यातच सगळं होतं. बाबांना मात्र ही कल्पनाच पटली नाही. तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट तपासली होती, जोडलेलं सुटत तर नाही ना. पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या एका चपला करणाऱ्याकडून ते डबाभर सोल्यूशन घेऊन आले, ज्याने चपलांचे तळ चिकटवतात. मला अभ्यासाला बसवलं, मागच्या पडवीत बसून दोन्ही बाजूंना भरपूर लावलं, दोन्हीकडून फळ्या ठेवल्या आणि अख्खी बॅट शिकंज्यात घालून पिळली. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. पडवीभर तो डोक्यात जाणारा वास होता आणि बाबा अधूनमधून जाऊन दांडा आणखी अर्धा फेरा आवळून येत होते.

"दहा वर्षं हलायचं नाही," बॅट माझ्या हातात देताना ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फार क्वचित पाहिलं. मुलीच्या खेळात त्यांना कळेल असं एक तरी काम निघालं होतं.

काकांनी बॅट हातात घेतली तेव्हा बाबाही हॉलमध्ये आले होते. काकांनी आधी स्पंजच्या जाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी नजर जमिनीला. मग त्यांनी अंगठ्याचं नख कोपऱ्यात घातलं. रबर तसूभर हललं नाही. त्यांनी दुसरा कोपरा बघितला. लवंग एका जागी थांबलेली होती.

"कुणी चिकटवलं?"

"मीच," बाबा म्हणाले.

"फार पक्कं झालंय," काका म्हणाले. "असं काम आमच्याकडून होत नाही." आणि त्यांनी बॅट दोन्ही हातांनी मला परत दिली. जाड रबर मी का आणलं हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही.

शिकंज्याने स्पंज चेपून मेला होता. चेंडू त्यावर पडायचा तो थप्प करून, ओल्या मातीवर पडावा तसा. टॉक नाही, टिकसुद्धा नाही. हेमाने दोन रॅलींनंतर हात खाली सोडला आणि टेबलाला वळसा घालून माझी बॅट बघायला आली. "ए नीलू, हा बॅट आहे के भिगा पापड?" त्या दिवसापासून माझ्या बॅटचं नाव पापड पडलं. हॉलमधली दहा वर्षांची पोरंसुद्धा विचारायची, ताई, आज पापड आणलाय का. रबर ओढून काढावं तर लाकडाचा थर सोबत येणार. दुसरी बॅट मागावी तर बाबांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर त्याआधीचं पाकीट आलंच. मी थप्प थप्प खेळत राहिले.

आणि मग डिसेंबरात एक विचित्र गोष्ट घडली. आसपासच्या कॉलन्यांचे सामने होते. अनोळखी मुली समोर आल्या आणि मी जिंकायला लागले. त्या जोरात मारायच्या. चेंडू माझ्या बॅटवर येऊन गतप्राण व्हायचा आणि नेटच्या पलीकडे कसाबसा पडायचा. त्या पुढे धावायच्या, उशीर झालेला असायचा. पुन्हा जोरात मारायच्या, पुन्हा तेच. मला फक्त बॅट आडवी धरायची होती. हेमा, जिला पापडाची सवय झाली होती, ती मला आरामात हरवायची. पण बाकीच्यांना ती सवय व्हायला तीन गेम पुरायचे नाहीत. बाबा प्रत्येक सामन्याला आले. जिंकून आले की ते बॅट हातात घ्यायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, पक्कं काम केलं की असं.

मी वहीत हिशेब मांडला. जानेवारीच्या निवडीत तीन सामने जिंकले की पहिल्या चारांत. तिघीही अनोळखी असल्या तर पापड पुरेल.

आता या वयात मी संध्याकाळी हॉलमध्ये उभी असते, दहा-बारा मुली एकाच वेळी खेळत असतात, आणि डोळे मिटले तरी मला कुणाची बॅट कुठली ते सांगता येतं. प्रत्येक रबराचा आवाज वेगळा. पण त्या आवाजांमध्ये मुलीचा आवाज कुठला आणि रबराचा कुठला, हे कधी कधी मलाही कळत नाही. खेळ कच्चा असतो तेव्हा आपण काय निवडतो हे आपल्याला ठाऊक नसतं. आपण आवाज निवडतो, मैत्रिणीची बोटं निवडतो, दुकानदाराने पाकीट थोपटलं ते थोपटणं निवडतो. अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या मोकळ्या जागा आता इमारतींनी भरल्या. त्या हॉलला कित्येक वर्षं कुलूप आहे म्हणतात. पण हिवाळ्यात कोरड्या हवेत पहिला चेंडू रबरावर थांबला की मला अजून ती उन्हाची पट्टी दिसते, भिंतीवर चढत जाणारी, आणि तिच्यात तरंगणारे बारीक कण, आणि वाटतं की कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलं आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काकांनी आपली जुनी बॅट आणली. पातळ स्पंज, एक बाजू लाल, एक काळी. त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला, बॅट त्यावर हलकेच टेकवली आणि उचलली. चेंडू रबराला चिकटून वर आला, क्षणभर लोंबला आणि पडला.

"हिच्याने महिनाभर हरशील," ते म्हणाले. "चालेल तुला?"

महिनाभर नव्हताच, तीन आठवडे होते. मी हो म्हटलं, आणि पापडही पिशवीत ठेवला.

त्या तीन आठवड्यांच्या सकाळी मला सलग आठवत नाहीत. धुकं आठवतं. साडेसहाला हॉलची किल्ली द्यायला येणारा वॉचमन, डोक्याला मफलर गुंडाळलेला. काकांच्या शर्टातून निघणारं ऊबदार वर्तमानपत्र. टेबल इतकं गार की त्यावर तळहात टेकवला तर ठसा उमटायचा आणि बघता बघता विरायचा. काका एकच चेंडू पुन्हा पुन्हा द्यायचे, माझ्या उजव्या हाताला, कंबरेच्या उंचीवर. मी खालून वर घासायचे. चेंडू छताला जायचा, भिंतीला जायचा, नेटमध्ये जायचा. संध्याकाळी हॉलमधली पोरंही मला हरवायला लागली. बाबांनी एकदा विचारलं, आपली बॅट कुठाय? पिशवीत आहे, मी म्हटलं. ते खरं होतं.

आणि एका सकाळी, कुठल्या ते माहीत नाही, चेंडू रबरावर आला आणि थांबला. मी त्याला घेऊन वर गेले. म्हणजे हात गेला. पण वाटलं असं की चेंडूने माझं बोट धरलंय आणि आम्ही दोघं एकदमच निघालोय. तो वर चढला, नेटवरून वाकला आणि पलीकडे पडून झपकन पुढे पळाला. आवाज जवळजवळ झालाच नाही. रेशमी कापड ओढावं तेवढाच. काकांची लवंग या गालातून त्या गालात गेली. मी पुन्हा तसा मारायला गेले तर चेंडू छताला.

निवड बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाबांची ड्यूटी होती, म्हणून आई आली, पहिल्यांदाच. ती बाकावर ताठ बसली, पर्स मांडीवर, जशी परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून बसते. पिशवीत दोन बॅटा होत्या. आईकडे एकदा बघितलं आणि मी पापड काढला. पंचांनी बॅट बघितली, एक बाजू लाल, एक काळी, परत दिली. पहिला सामना जिंकले. दुसराही. दुसरी मुलगी डोंबिवलीची होती, माझ्याहून चांगली, हे मला पहिल्या दोन सर्व्हिसमध्येच कळलं होतं. तिचे फटके एकामागून एक माझ्या बॅटवर येऊन मरत गेले. शेवटच्या पॉइंटनंतर ती आपल्याच बॅटकडे बघत राहिली, जणू तिचंच काही बिघडलं होतं, आणि मग टॉवेलमध्ये तोंड घालून रडायला लागली.

काका खिडकीपाशी उभे राहून बाहेर मैदानात बघत होते. हेमा तिसरा सामना जिंकून केव्हाच संघात गेली होती. मी आईजवळ जाऊन पाणी प्याले. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. तिने सरळ मनानेच विचारलं, "ती का रडली गं? तू तर काहीच केलं नाहीस."

मी पाण्याची बाटली बंद केली. झाकण नीट बसेना.

तिसऱ्या सामन्याला नाव पुकारलं तेव्हा हेमाने येऊन माझी पिशवी उघडली आणि हळूच म्हणाली, "सुन, ही ठाणेवाली नवीन आहे. पापड घे, वीस मिनिटात काम खतम. मग दोघी जाऊ ना टीममध्ये." तिला ते मनापासून हवं होतं. मलाही. मी तिच्या हातून पिशवी घेतली आणि काकांची बॅट काढली. हेमाने कपाळाला हात लावला.

पहिला गेम हरले. दुसऱ्यात हात गरम झाला. त्या सामन्याचं मला जे आठवतं ते आकड्यांत आठवत नाही, आणि माझ्या बाबतीत हे नवलच. खिडकीतून येणारा शेंगा भाजल्याचा वास आठवतो. ठाण्याच्या मुलीची हलणारी वेणी आठवते. आठवतं की चेंडू थांबत होता. प्रत्येक वेळी नाही, तीनातून एकदा. पण थांबला की मला घाई नसायची, मला हवं तिकडे मी त्याला घेऊन जायचे. दुसरा गेम मी घेतला. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झालं, तेव्हा गेम एकवीसचा असायचा. मग एक चेंडू छताच्या दिशेने गेला, आणि एक नेटच्या वरच्या पट्टीला लागून माझ्याच बाजूला पडला.

पाचवी, असं कागदावर लिहिलं गेलं. संघ चौघींचा होता.

काकांनी खिडकी सोडली, येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला नमस्कार केला. बॅट परत द्यायला मी हात पुढे केला तर म्हणाले, असू दे तुझ्याकडे. हेमा पाय आपटत बाहेर निघून गेली. मग शेंगांची पुडी घेऊन आली, अर्धी माझ्या ओंजळीत ओतली आणि म्हणाली की मी एक नंबरची येडी आहे.

 घरी बाबा दारातच उभे होते. मी हरले हे त्यांना माझ्या चालण्यावरूनच कळलं असणार, कारण त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या बॅटने? काकांच्या, मी म्हटलं. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग मी पायरीवर बसून त्यांना पाकिटाचं सांगितलं, काकांनी पातळ रबर सांगितलं होतं आणि मी जाड घेतलं ते. ते बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "आणि मी एवढं पक्कं चिकटवलं." इतका वेळ न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

जेवणाआधी आईने पिशवी मागितली. ठरलं होतं ते ठरलं होतं, मी पिशवी पुढे केली. तिने दोन्ही बॅटा बाहेर काढल्या. बाबांची तिने शोकेसमध्ये ठेवली, माझ्या शाळेच्या ढालीशेजारी. काकांची हातात धरून ती उभी राहिली, रबरावरून एकदा बोट फिरवलं आणि ते किंचित अडलं तशी थबकली.

"हे असंच ठेवलं तर खराब होतं का गं?"

"ओल लागली की पकड जाते," मी म्हटलं. "पावसाळ्यात."

माळ्यावर ओल येते, ती स्वतःशीच म्हणाली. तिने जुन्या वायलच्या साडीचा तुकडा काढला, बॅट त्यात गुंडाळली, वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि गोदरेजच्या कपाटात आपल्या चांगल्या साड्यांच्या मधोमध सरकवली. किल्ली फिरवली, ती कमरेला खोचली.

"बारावीची परीक्षा पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपते," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये माग माझ्याकडे."